मिरजेतल्या एका कॅज्युअल्टीचा रिव्ह्यू : डॉक्टर-सिस्टरना पाच तारे, बिलाच्या खिडकीला दोन

आधी निकाल सांगून टाकते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं अचानक तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली, हात उचलेना झाला, तर मी पुन्हा याच दवाखान्यात जाईन. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारीही आहेत आणि खिडकीपलीकडं बसणारी पोरं पगारी आहेत, त्यांच्या पोटावर पाय नको. मिरजेत दवाखान्यांना तसाही तोटा नाही. डॉ. वानलेसनी १८९० च्या दशकात मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून हे दवाखान्यांचंच गाव झालंय. मी एसटीत कंडक्टर आहे, सांगली आगार. सकाळच्या जत-मिरज गाडीत फाइल आणि एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली माणसं रोज बघते. यावेळी पिशवी माझ्या मांडीवर होती.

पेशंट म्हणजे आमचे आण्णा, माझे सासरे. वय ७९. साखर कारखान्यात काट्यावर नोकरी केली, म्हणून हिशोबाला पक्के आणि वेळेला त्याहून पक्के. माळकरी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या करतात. शुगर वीस वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून. शुगरची गोळी ग्लायमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली, पाकिटावर ‘एम २’ लिहिलेली. बीपीची गोळी नावापुढं ‘एच’ असलेली. शिवाय रक्त पातळ राहण्याची एक. ही नावं मुद्दाम लिहितेय, कारण सगळी गोष्ट या पाकिटांभोवतीच फिरते.

आषाढ वद्य एकादशी होती. पंढरपूरच्या जादा गाड्यांची ड्यूटी संपल्यावर मला सुट्टी मिळाली होती, म्हणून घरी होते. सकाळी साडेसातला आण्णांनी रोजच्या गोळ्या घेतल्या. उपास असला तरी गोळी चुकवायची नाही, हा त्यांचा नेम. त्यावर एक केळं आणि कपभर बिनसाखरेचं दूध, बस्स. सव्वाअकराला पाणी द्यायला गेले तर हरिपाठ घेऊन कॉटवर बसले होते. “मोटार चालू कर, टाकी भरंना झालीय,” असं धड बोललेही. मग साडेअकरानंतर कधीतरी भांडं पडल्याचा आवाज आला. आत जाऊन बघते तर उजवा हात कॉटवरनं खाली लोंबतोय, तोंड डावीकडं ओढलंय, बोलायला बघतायत पण शब्द एकमेकांत मिसळून बाहेर पडतायत. बाहेर पाऊस, गारठा, आणि यांचं बनियन पिळून काढावं इतकं घामानं भिजलेलं.

शेजारपाजारचे जमले. “अंगावरनं वारं गेलं ओ,” एक काकू म्हणाल्या. कबुतराचं रक्त चोळायला पाहिजे म्हणणारे एकजण निघालेच. आमच्याकडं लकवा म्हटला की कबुतर आठवतं, त्या मुक्या जिवाचं काय वाकडं आहे कोण जाणे. एक आजी मात्र म्हणाल्या, “शुगरवाले हायत, तोंडात साखरपाणी घाला.” ते मी घालू दिलं नाही, गिळता येईना तर ठसका लागेल म्हणून. मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आजींचा तर्क बरोबर होता. माणूस पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तर साखरपाणी जरूर द्यावं. पण जीभ जड पडलेली, मान टाकलेली असेल तर तोंडात काहीच नको, ते फुप्फुसात उतरतं.

घराजवळ, विश्रामबागेत, एक नर्सिंग होम आहे. जवळचं म्हणून पहिल्यांदा तिथं नेलं. याला माझ्याकडनं एक तारा, तोही गादी स्वच्छ होती म्हणून. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं बीपी बघितलं, १८० वर १००. उजवा हात उचलून सोडला, तो धपकन पडला. “लकवा आहे,” म्हणाला, आणि साधं सलाइन लावलं. मी सांगितलं शुगरचे पेशंट आहेत, सकाळी गोळी घेतलीय, उपास आहे. “रक्त लॅबला पाठवू, रिपोर्ट आला की बघू,” असं उत्तर. टेबलावर मशीन दिसत होतं की! बोटाला टोचायला किती वेळ लागतो? मग बीपी उतरवायला जिभेखाली द्यायची कॅप्सूल आणायला त्यानं माणूस पाठवला. तेवढ्यात आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांची गाडी दारात आणली आणि आम्ही आण्णांना उचलून निघालो. चिठ्ठी मागितली तर त्यावर एकच शब्द आणि खाली सही.

या कॅप्सूलबद्दलही मिरजेत विचारलं. खरा लकवा असेल तर मेंदूचा जो भाग उपाशी पडलाय त्याला रक्त पोचवायला शरीर स्वतःच दाब वाढवतं. तो एकदम पाडला तर वाचणारा भागही जातो. रक्ताच्या गुठळीनं मेंदूची वाहिनी बंद पडून झालेल्या लकव्यात पहिल्या दिवशी २२० वर १२० च्या आतलं बीपी सहसा तसंच राहू देतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं असेल तरच ते १८५ वर ११० च्या खाली आणतात, तेही सावकाश, मॉनिटर लावून. जिभेखालच्या कॅप्सूलनं दाब कुठवर पडेल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

आता मिरज. कॅज्युअल्टीच्या दारात गाडी थांबली तर वॉचमननंच स्ट्रेचर ओढून आणलं, वॉर्डबॉयची वाट बघितली नाही. तिथं उभ्या असलेल्या सिस्टरचा पहिला प्रश्न नाव, गाव, आधार कार्ड, डिपॉझिट यांतला कुठलाच नव्हता. “शेवटचे धडधाकट कधी बघितले?” मी म्हटलं, भांडं पडलं तेव्हा पावणेबारा झाले असतील. “ते नको. चांगलं बोलताना कधी बघितलं?” सव्वाअकरा. तिनं ‘११.१५’ असं केसपेपरच्या डोक्यावर ठळक लिहिलं आणि भोवती गोल केला. वेबिलावर वेळा लिहिण्यात माझी हयात गेली, त्यामुळं मला ते फार आवडलं. नंतर कारण कळलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास लक्षण दिसल्यापासून नाही, माणूस शेवटचा चांगला दिसला तिथून मोजतात. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला वाकडं तोंड घेऊन उठला, तर घड्याळ दहापासूनच सुरू झालेलं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर जांघेतनं तार घालून गुठळी ओढून काढतात. ते काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही करतात, पण आधी स्कॅन बघून.

पहिली सिस्टर वेळ विचारत होती तोवर दुसरीनं आण्णांचं बोट धरलंच होतं. सकाळी केळं खाल्लंय म्हटल्यावर तिनं बोट आधी ओल्या कापसानं पुसलं, कोरडं केलं, मग टोचलं. फळाचा गोडवा बोटाला लागलेला असला तर मशीन खोटी जास्त शुगर दाखवतं म्हणे. मशीनवर आकडा आला ३८, म्हणजे शुगर पार तळाला.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतल्या. त्यांनी आकडा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, “पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज, शंभर.” हातातली सलाइनची सुई चालू होती, त्यातनंच त्या साखरपाण्याची बाटली गेली. मी आण्णांच्या उजव्या हाताकडं बघत उभी. आधी करंगळी हलली. मग पंजा मिटला. तोंड सरळ व्हायला थोडा वेळ लागला. आणि पहिलं वाक्य आलं ते असं, “घड्याळ कुणी काढलं माझं?” सिस्टरनं एका लिफाफ्यातनं घड्याळ काढून दाखवलं, तेव्हा कुठं स्वारी शांत झाली. आमचे हे बाहेर जाऊन पावसात उभे राहिले, आत यायला तयार नव्हते.

इथंच बरीच ठिकाणं ‘झालं, न्या घरी’ म्हणतात. या दवाखान्याचे तारे मी त्यापुढच्या कामासाठी दिलेत.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर पेननं काढून दाखवत समजावलं. मेंदूला साखर साठवता येत नाही, रक्तातनं मिळेल तेवढ्यावरच तो चालतो. ती फार उतरली की काहींना नुसती चक्कर येते, काही भांडायला लागतात, काहींना फिट येते, आणि काहींना हुबेहूब लकव्यासारखी एक बाजू जाते. म्हणूनच गुठळीचं इंजेक्शन द्यायच्या आधी रक्ताच्या बाकीच्या तपासण्यांसाठी सहसा थांबत नाहीत, पण शुगर बघितल्याशिवाय देत नाहीत. घाम हीसुद्धा खूण होती. आण्णांच्या जागी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा जातीची गोळी घेणारा माणूस असता तर हाताची थरथर, छातीची धडधड दिसलीच नसती, त्या गोळ्या ते झाकून टाकतात. घाम तेवढा उरतो.

तरीही त्यांनी डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. मी विचारलं, मग सीटी कशाला? “हात पूर्ण परत आला ही चांगली खूण आहे. पण रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि गेल्या आठवड्यात मोरीत पाय घसरलेला तुम्हीच सांगताय. दोन कारणं एकावेळी असू शकतात.” हे मला पटलं. सीटी लगेच झाला, रक्तस्राव नव्हता. वर हेही सांगितलं की पहिल्या काही तासांत गुठळीचा लकवा सीटीत दिसतोच असं नाही. सीटी चांगला आला म्हणजे लकवा नाही असं समजायचं नाही. सीटी मुख्यतः रक्त सांडलंय का ते बघायला. एमआरआय सांगितला नाही. हात परत आलाय, बोलणं परत आलंय, उद्यापर्यंत काही उरलं तर करू, म्हणाल्या. खासगी दवाखान्यात एमआरआयचं मशीन तळमजल्यावर असताना ‘आत्ता गरज नाही’ हे वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे अर्धा तारा तिथंच.

ईसीजी काढला. ठोके अनियमित असले तर हृदयात गुठळी धरून ती मेंदूकडं जाते, ते बघायला. तो ठीक निघाला. रक्ताचे रिपोर्ट दुपारी आले आणि त्यात दोन गोष्टी सापडल्या. क्रिएटिनिन १.९. किडनी मंदावलेली, त्यामुळं ग्लायमेपिराइडचा परिणाम लवकर उतरत नाही. आणि सोडियम १२६, जे १३५ ते १४५ मध्ये पाहिजे. गेला पंधरवडा आण्णा भिंतीला हात लावून चालत होते, नातवाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारत होते. घरात सगळे म्हणायचे वय झालं. वय झालं होतंच, पण बीपीच्या गोळीतला तो ‘एच’ म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आणि म्हाताऱ्या माणसांत ते सोडियम उतरवतं. ती गोळी त्याच दिवशी बंद. मी म्हटलं, मग सोडियम पटकन भरून टाका की. त्यावर डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हळूहळू उतरलेलं सोडियम घाईनं चढवलं तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होऊ शकते. २४ तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. त्यामुळं पाणी मोजून आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासून.

संध्याकाळी पाचला शुगर पुन्हा ६१ वर आली. आण्णा गप्पा मारत बसलेले, त्यांना पत्ताही नाही. सिस्टर तासातासाला टोचत होती म्हणून सापडली. घरी नेलं असतं तर रात्री झोपेत काय झालं असतं, तो विचार मी केला नाही, करतही नाही. ग्लायमेपिराइडनं शुगर पडली असेल, त्यातून किडनी कमजोर असेल, तर माणूस एका बाटलीनं उठून बसला तरी निदान एक दिवस लक्ष ठेवावं लागतं. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा असं होत नाही. ग्लायमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड या जातीनं आणि इन्शुलिननं होतं.

रात्र ऑब्झर्वेशन हॉलमध्ये काढली. सहा कॉट, मध्ये हिरवे पडदे, ते आवाज अडवत नाहीत. नातेवाइकांच्या बाकावर एकदा डबे उघडले की कोणाला काय झालंय ते आपोआप कळतं. आणि मला नवल वाटलं ते हे की जवळपास सगळेच ‘अचानक असं झालं’ म्हणून आलेले, बहुतेकांना गावात ‘लकवा’ सांगितलेला, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

खिडकीजवळ अथणीकडच्या एक आजी. त्यांचा खराच लकवा. हृदयाचे ठोके अनियमित, त्यातनं गुठळी गेलेली. वेळेत आल्या, सीटी झाला, इंजेक्शन लागलं. त्यांचं बोलणं तपासायला डॉक्टरीणबाईंनी कानडी येणाऱ्या सिस्टरला बोलावलं. मराठीत विचारलं असतं तर आजी गप्प बसल्या असत्या आणि वाचा गेली असं लिहिलं गेलं असतं. मिरजेत कितीतरी पेशंट सीमेपलीकडनं येतात, तरी हे सुचणारे थोडे. सकाळपर्यंत आजींचा पाय हलत होता, हात अजून नव्हता. कुणी खोटी आशा दाखवली नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी हजर.

त्यांच्या पलीकडं कवठेमहांकाळकडचे एक आजोबा. दीड महिन्यापूर्वी नातीच्या साखरपुड्यात पायरीवरनं पडले, डोक्याला टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला. आता पाय ओढत होते, चिडचिड करत होते, दुपारभर झोपत होते. घरचे म्हणे म्हातारचळ. सीटीत कवटीच्या आत जुनं रक्त साठलेलं निघालं. उतारवयात मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यातल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ मारानंही त्या ठिबकत राहतात. त्याचा परिणाम आठवड्या-महिन्यांनी दिसतो. कवटीला छिद्र पाडून ते रक्त काढतात. मोठं ऑपरेशन वाटतं, पण त्यांच्या मुलीला न्यूरोसर्जननं इतकं शांतपणे समजावलं की ती नंतर आम्हालाच समजावत होती.

मिरजेतल्याच एका आजी रात्रभर आपल्या वारलेल्या बहिणीशी बोलत होत्या, चादरीवरनं नसलेले धागे वेचत होत्या. आदल्या दिवसापर्यंत म्हणे खणखणीत, स्वतः भाजी आणायला जायच्या. ताप नव्हता. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असं नाही, थेट भ्रमच होतो. न्यूमोनियानं, बद्धकोष्ठानं, झोपेच्या गोळीनं, सर्दीखोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधानंही होतो. अँटिबायोटिक सुरू केलं तशा दुसऱ्या दुपारी त्यांनी सुनेला चहात आलं कमी पडल्याचं सुनावलं. सून रडत होती आणि हसतही होती.

पहाटे एक गृहस्थ आले, तोंड वाकडं, घरच्यांची रडारड. डॉक्टरांनी त्यांना कपाळाला आठ्या घालायला सांगितलं, डोळा मिटायला सांगितलं. त्या बाजूची आठीही पडेना, डोळाही मिटेना. हात, पाय, बोलणं मात्र ठीक. चेहऱ्याच्या नसेची सूज. लकव्यात सहसा कपाळ वाचतं, इथं कपाळही गेलेलं. गोळ्या, डोळ्याला मलम आणि पट्टी देऊन सकाळी घरी पाठवले. आणि फिट येऊन गेल्यावरही हात काही तास लुळा पडू शकतो, असं एक शिकाऊ डॉक्टर दुसऱ्याला सांगत होता, ते माझ्या कानावर पडलं.

एकाच माणसाचं मला वाईट वाटलं. दुपारी आलेले, दहा मिनिटं बोलणं अडखळलं आणि आपोआप बरं झालं, म्हणून मुलगा ‘आता ठीक आहेत’ म्हणत सही करून घेऊन निघाला. डॉक्टरीणबाई त्याच्यामागं लिफ्टपर्यंत गेल्या. आपोआप बरं झालेलं बोलणं ही येणाऱ्या लकव्याची सूचना असते, पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, असं परोपरीनं सांगितलं. तो गेला. पुढं काय झालं ठाऊक नाही. पण दवाखाना त्याच्यामागं लिफ्टपर्यंत गेला, हे मी बघितलंय.

आता तक्रारी. उपचार डिपॉझिटसाठी अडले नाहीत, हे कबूल. पण डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ‘फाइल पाठवली’ म्हणाले आणि कॅशलेसची मंजुरी दिवे लागणीला आली. तोवर आण्णा कपडे घालून, टोपी चढवून कॉटवर बसलेले. खिडकीवरचा मुलगा फोनवरून मान वर करत नव्हता. बिल हातात आलं तेव्हा मी सवयीनं मेळ घालायला बसले. शुगरच्या स्ट्रिपा बिलात जास्त आणि कॉटला लटकवलेल्या चार्टवर कमी. चार्टचा फोटो माझ्याकडं होता. कॅश कमी भरली तर आमच्याकडं पगारातनं कापतात, इथं जास्त लावलं तर ‘सिस्टीमनं उचललं’ म्हणतात. फोटो दाखवल्यावर निमूट कमी केलं. कॅज्युअल्टीची फीसुद्धा दोनदा लागली होती, तीही काढली. ज्याला चार्ट वाचता येत नाही त्याचं काय, ते मी तिथंच मोठ्यानं विचारलं. उत्तर आलं नाही.

कँटीनचा चहा बरा, पोहे गार. शुगरच्या पेशंटसाठी वेगळं जेवण नाही, आण्णांच्या ताटात शिरा आलेला मी परत पाठवला. नातेवाइकांचं संडास सकाळी चांगलं, रात्री नाक धरून. पार्किंग पावसात म्हणजे तळं.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. पण सिस्टरनं एका कोऱ्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखून दिले आणि बंद झालेल्या दोन गोळ्यांची रिकामी पाकिटं त्यावर चिकटवून आडवी फुली मारली. हे कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. आण्णांनी तो कागद देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

आठवड्यानं फिजिशियनकडं दाखवलं. ते मध्यमवयीन, बोलायला तुटक, पण वेळ देतात. जुन्या फाइलीत आण्णांची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ होती. आजवर प्रत्येकानं त्यावर शाबासकी दिलेली. यांनी तो आकडा बघून कपाळाला हात लावला. “ऐंशीला आलेल्या माणसाला या गोळीवर ६.१ कशाला पाहिजे? आठच्या आसपास राहू दे.” ग्लायमेपिराइड कायमची बंद, मेटफॉर्मिन निम्मी, जोडीला लिनाग्लिप्टिन, जी कमजोर किडनीतही त्याच मापात चालते आणि एकटी असताना शुगर सहसा पाडत नाही. बीपीची गोळी बदलली. सोडियम १३४ वर आलं होतं, आणि आण्णा भिंत सोडून चालत होते.

एकादशीवरनं मात्र दोघांची जुंपली. डॉक्टर म्हणाले, उपास सोडा. आण्णा म्हणाले, गोळ्या सोडतो. शेवटी तडजोड झाली ती अशी की उपासाला भगर आणि ताक दोनदा घ्यायचं, सकाळी आणि दुपारी बोट टोचून आकडा वहीत लिहायचा, सत्तरच्या खाली आला तर उपास मोडून साखर खायची. “पांडुरंगाला मी सांगतो,” असं डॉक्टरनं म्हटल्यावर आण्णांनी वहीवर सही केली. काट्यावरच्या माणसाला सही केल्याशिवाय काही मान्य होत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका, ‘एच’ आणि ‘एम २’ तोंडी सांगताना हमखास सुटतात. शेवटचं धड बोलणं किती वाजता झालं ते हातावर पेननं लिहून ठेवा. १०८ बोलावलीत तर गाडीतल्या डॉक्टरलाच आधी शुगर बघायला सांगा. फिजिशियनचा नंबर सकाळी साडेआठला लावतात, नऊनंतर गेलात तर दुपार. आणि रात्री मोठं फाटक बंद असतं, तिथं हॉर्न वाजवत थांबू नका. मेडिकलच्या दुकानाशेजारनं बोळ आहे, रिक्षा त्यातनं थेट कॅज्युअल्टीच्या उतारापर्यंत जाते.